पेला काय प्यायला

नागातो, १४ एप्रिल १९८६

प्रिय मामा,

खोकं जपून उघडा. वर्तमानपत्राच्या आत कापूस आहे आणि कापसाच्या आत साकेचा पेला. माझ्या हातचा आहे, पण भेट म्हणून पाठवत नाही, तुमच्याकडून काम करून घ्यायचं म्हणून पाठवते आहे.

गेल्या शरदात नदीपलीकडच्या शाळेत पोहण्याचा तलाव खणायला घेतला. मी सहज बघायला गेले आणि तिथेच उभी राहिले. खड्ड्याच्या भिंतीत मधोमध एक मळकट पांढरा पट्टा होता, वाळूच्या खड्यांनी भरलेला. मुकादम म्हणाला, बाई, बाजूला व्हा, मागून गाडी येतेय. मी बाजूला झाले, घरी गेले आणि हातगाडी घेऊन परत आले. त्यांना ती माती फेकायचीच होती.

आपली जुनी माती संपत आली आहे, मामा. आजोबा आणि बाबा ज्या टेकडीवरून आणायचे तिथे आता घरांच्या रांगा झाल्या आहेत. अंगणात उरलेली माती एका भट्टीला पुरेल, तीही जेमतेम. बाबांचं म्हणणं, तेवढी भट्टी लावायची आणि मग तिचं तोंड विटांनी कायमचं बुजवून टाकायचं. झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही, पण हे सांगताना आवाज एकदम खणखणीत असतो. नव्या मातीला ते हात लावत नाहीत. मी तिचे पेले केले, मागच्या भट्टीत कोपऱ्यात भाजले, त्यातले बरेच तडकले. जे वाचले ते त्यांच्यापुढे ठेवले तर म्हणाले, "दिसतात बरे. दिसायला तर बाहुलीही बरी दिसते."

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडचा पेला भट्टीतून निघतो तेव्हा अर्धाच झालेला असतो. झिलईच्या बारीक तड्यांतून साके आत मुरते, वर्षभरात रंग पालटतो, दहा वर्षांत ओळखू येत नाही. जो पालटत नाही तो आपला नव्हे. ही माती पालटेल का, एवढंच मला कळायला हवं. मी एक पेला चहात बुडवून ठेवून बघितला. गटारातून काढल्यासारखा झाला. बाबा म्हणाले, भिजवलेलं वेगळं आणि वापरलेलं वेगळं. तेवढं मात्र खरं.

आता वापरणार कोण? माझ्या ओठाला थेंब लागला तरी मी लालबुंद होऊन झोपते. बाबांना बंदी. मग आई आठवली. ती म्हणायची, माझा दादा एक वेळ जेवण चुकवेल, पण संध्याकाळचा पेला नाही. तेव्हा रोज संध्याकाळी यातूनच प्या आणि काय दिसतं ते कळवत राहा. शरदात मला ठरवायचं आहे. माझं मन राखायला लिहू नका. जसं दिसेल तसं लिहा.

तुमची,
चिगुसा


रुमोई, ६ मे १९८६

प्रिय चिगुसा,

पेला सुखरूप पोचला. इथे गल्लीच्या कडेला अजून काळा बर्फ पडून आहे, त्यामुळे तुझ्या कापसातून एवढीशी पांढरी गोष्ट निघाली तेव्हा मला आधी वाटलं, बर्फच पाठवला की काय.

मी आयुष्यभर बंदरात ओढबोट चालवली. मोठ्या जहाजाला दोर लावून धक्क्याशी आणायचं, एवढंच. मातीतलं मला काही कळत नाही. म्हणून जे डोळ्यांना दिसतं ते लिहितो.

पेला रोज संध्याकाळी कामाला लागला आहे. पहिल्या दिवशी त्यात कोमट साके ओतली आणि थोड्या वेळाने पेला उचलला, तर खाली ओलं कडं. फडक्याने पुसलं, पुन्हा उचलला, पुन्हा कडं. मला वाटलं, चिगुसाने फुटका पेला पाठवला. उजेडात धरून बघितला तर कुठे भेग नाही. अंगाला मात्र घाम आल्यासारखा ओलावा. मग साके गळते कुठून? आणि गळते तर पेला रिकामा का होत नाही? रात्रभर कोरडा ठेवला तर सकाळी आत नाक घातल्यावर वास येतो, म्हणजे काहीतरी आत राहिलंच आहे. ते कुठे राहतं? हे सगळे पेले असे असतात का? असतील तर तुमच्याकडचे लोक टेबलं कशी कोरडी ठेवतात?

बुडाच्या कड्याला एक खाच आहे. ती तू मुद्दाम पाडलीस की पडली?

मारुओकाबाई म्हणतात, पेल्याला ताप आलाय, घाम निघाला की उतरेल. या आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. मी त्यांना पेला दाखवला.

क्यूसाकूला सांग, सतत तोंड बुजवण्याच्या गोष्टी करतोस, आधी स्वतःचं बुजव. हे मेव्हणा म्हणून सांगतो आहे.

तुझा,
इवाओमामा


नागातो, २२ मे १९८६

प्रिय मामा,

गळतोय हे वाचून मी उभ्या उभ्या हसले. गळायलाच हवा. माती सैल आहे, पिऊ शकते, असा त्याचा अर्थ. महिना-दीड महिन्यात तडे भरत जातील आणि घाम थांबेल. कोणी सांगेल भाताच्या पेजेत उकळा म्हणून, तर उकळू नका. पेज आधी शिरली तर साकेला जागा उरायची नाही. पेल्याखाली फडकं ठेवा. आपल्याकडचे लोक तेच करतात.

खाच मुद्दाम पाडली आहे. का, ते विचारू नका. गावात जितकी घरं तितकी उत्तरं. कोणी म्हणतं राजाच्या पेल्यात खोट पाडली की तो गरिबाला वापरता येतो, कोणी म्हणतं दोरी बांधायला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "माझा बाप पाडायचा."

तुमचा निरोप दिला. बाबा जेवताना मध्येच म्हणाले, "इवाओ अजून तेवढीच पितो?" मी म्हटलं, पेल्यापुरती तर नक्की. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या लग्नात त्याने आमच्या तिन्ही काकांना जमिनीवर आणलं होतं, आणि स्वतः दार शोधत न्हाणीघरात जाऊन झोपला." एवढं मोठं वाक्य ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. नंतर विचारलं, त्या पेल्याचं काय? मी सांगितलं, गळतोय. त्यांनी लोणच्याचा तुकडा उचलला आणि बराच वेळ चावला.

पिताना गरम की गार, तेवढं कळवा. आणि जमलं तर फोटो पाठवा.

तुमची,
चिगुसा


रुमोई, २९ जून १९८६

प्रिय चिगुसा,

गरम. फार कढत नव्हे, अंघोळीच्या पाण्याएवढी.

घाम थांबला. तो थांबला त्या संध्याकाळी मी टेबलाला हात लावून बघितला, मग फडक्याला, मग पेल्याच्या बुडाला. कोरडं. मला उगाच चुकल्यासारखं झालं.

आता मुख्य गोष्ट. आत, तळाच्या थोडं वर, एक ढग उठला आहे. आधी मला वाटलं माझा डोळाच. खिडकीशी नेला, दिव्याशी नेला, छत्रीच्या सावलीत नेला. ढग आहे. पिकल्या पीचच्या सालीवर एका बाजूला जसा रंग असतो, तसा. पहिल्या दिवशी हे नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मला कळत नाही, सगळीकडे सारखी साके असताना ढग तिथेच का? तुझं बोट तिथे लागलं होतं का? आगीची जीभ तिथे लागली होती का? की मातीच तिथे जास्त तहानेली आहे?

पेला हातात बसतो चांगला. मारुओकाबाई म्हणतात, दिवसभर बोटं आखडल्यावर याच्याभोवती ती आपोआप सैल होतात. फोटो त्यांच्या पुतण्याने काढला आहे. रंग खरे आले आहेत, मी शेजारी धरून बघितलं. मारुओकाबाईंचं म्हणणं असं की ढग गुलाबी आहे. मी म्हणतो पिवळट. तू ठरव.

तुझा,
इवाओमामा


नागातो, १२ जुलै १९८६

प्रिय मामा,

ढग बघितला. भिंग लावून बघितला. मारुओकाबाई जिंकल्या, गुलाबीच आहे, आणि पुढे तो पिकल्या लुकाट फळाच्या नारिंगी रंगावर जाईल असं दिसतं. मी फोटो घेऊन थेट बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा मागितला, भिंग मागितलं, फोटो जवळ नेला, लांब नेला. मला वाटलं आता मातीबद्दल काहीतरी बोलतील.

ते म्हणाले, "पेल्यामागे ही बरणी कसली?"

मी बघितलं तर निळ्या पाण्याची काचेची बरणी आणि त्यात कंगवे. मामा, तुमच्या डोक्यावर केस होते तेव्हा मी शाळेत जात होते. तुमच्या घरात बरणीभर कंगवे कशाला? मग मी तुमची पत्रं पुन्हा काढून वाचली. पहिल्या पत्रात मारुओकाबाई एकदा आहेत. दुसऱ्यात ढगापेक्षा जास्त आहेत.

तुम्ही सांगायला लाजता हे मी समजू शकते. आईला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मामीला त्याहून जास्त. इतक्या लांब, इतक्या थंडीत एकट्याने संध्याकाळ काढण्यापेक्षा सोबत असलेली केव्हाही चांगली. आम्हाला आनंदच आहे. बाबा तर इतके खूश झाले की त्यांनी डाव्या हाताने फोन फिरवून तुमच्या बहिणीला, शिमोनोसेकीच्या मावशीला, कळवूनही टाकलं. ते त्यांनी मला न विचारता केलं, हे मात्र नमूद करते.

लग्न केव्हा? आणि त्या केस कापतात का? बोटं आखडतात म्हणजे कात्रीनेच ना?

तुमची,
चिगुसा


रुमोई, ३ ऑगस्ट १९८६

प्रिय चिगुसा,

शिमोनोसेकीहून तुझ्या मावशीचं अभिनंदनाचं पत्र आलं, सोबत वाळवलेले मासे. आता ते खाऊन संपवल्यावर खरं सांगणं आलं.

लग्न नाही. मारुओकाबाई गल्लीच्या तोंडाशी बंदरातल्या लोकांचे केस कापतात, एवढं बरोबर. बाकीचं क्यूसाकूच्या डोक्यातलं आहे. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यांच्या खुर्चीत एक खलाशी होता, त्याच्यासकट दोघांना इतकं हसू आलं की त्याचा एक कल्ला आखूड झाला.

तुझा पेला येण्याच्या महिनाभर आधीच डॉक्टरांनी माझी दारू बंद केली होती. यकृत. थेंबही नाही, असं म्हणाले, आणि ज्या तऱ्हेने म्हणाले त्यावरून मीही वाद घातला नाही. मग तुझं खोकं आलं. मामाएवढं नेमाने पिणारं कोणी नाही म्हणून तू एवढ्या विश्वासाने लिहिलेलं. मी पेला टेबलावर ठेवून दोन दिवस त्याच्याकडे बघत बसलो. परत पाठवावा तर तुझं काम अडणार. ठेवावा तर प्यायचं कोणी? मारुओकाबाई दुकान बंद केल्यावर रोज एक पेला घेतात, ना कमी ना जास्त. म्हणून त्यांच्याकडे नेला. त्या पितात, मी समोर चहा घेऊन बसतो आणि बघतो. मी तुला लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, चिगुसा, पुन्हा वाचून बघ. पेला कामाला लागला असं लिहिलं. कोणाच्या हातून, ते लिहिलं नाही.

आता जे लिहायचं म्हणून मी कालपासून थांबलो आहे ते. तू म्हणालीस मन राखायला लिहू नका. ढग पुढे सरकला नाही. जुलैच्या मध्यापासून त्याच्या कडेने राखाडी डाग येऊ लागला. आधी शिसपेन्सिलीच्या रेघेएवढा. आता तड्यांच्या जाळीतून सगळ्या बाजूंनी पसरतो आहे, निळसर काळा. धुऊन जात नाही. उन्हात ठेवून जात नाही. मारुओकाबाई म्हणाल्या, हे लिहू नका, पोरीचा धीर जाईल. पण मग आजवर लिहिलं त्याला काय अर्थ?

तुझा,
इवाओमामा


नागातो, ५ सप्टेंबर १९८६

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला.

तुमचं पत्र मी बाबांना अर्धंच वाचून दाखवणार होते. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि पूर्ण वाचायला लावलं. यकृताचं ऐकून त्यांनी तुम्हाला गाढव म्हटलं, आधी सांगितलं नाही म्हणून. मग डागाचं वाचलं. ते म्हणाले, "जी माती बुरशी धरते ती कुंडीची, पेल्याची नव्हे." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मी भांडले असते.

विटा अंगणात येऊन पडल्या आहेत. त्यांनीच मागवल्या.

मी रोज चाकावर बसते आणि जुन्या मातीची भांडी करते. उरलेली संपेपर्यंत करेन. नव्या मातीचा ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवला आहे, त्याच्याकडे बघवत नाही. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. बुरशी असती तर ढगाच्या आधी यायला हवी होती, गळत होता तेव्हा. मध्येच कशी आली? जुलैच्या मध्यात काय बदललं? साके दुसरी आणली का? पेला कुठे ठेवता? त्यात दुसरं काही पडलं का? मला सगळं सांगा, अगदी क्षुल्लक वाटेल तेही.

आणि तुमची तब्येत कशी आहे ते आता सरळ लिहा.

चिगुसा


रुमोई, २० सप्टेंबर १९८६

चिगुसाताईंना,

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या घरात माझं लग्न लागून मोडलंही आहे, तेव्हा ओळख करून देत नाही. मी हात्सु मारुओका.

तुमचं पत्र आलं तेव्हा तुमचे मामा इस्पितळात होते, अजून आहेत. पोटात पाणी झालं होतं, ते काढलं. आता खुर्चीत बसतात आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याच्या नळ्यांबद्दल प्रश्न विचारून हैराण करतात, म्हणजे बरे आहेत. डॉक्टर म्हणतात सांभाळून राहिले तर चालेल. सांभाळायला मी आहे, ते तुम्ही माझ्यावर सोडा. पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तुम्ही विचारलंत की पेल्यात दुसरं काही पडलं का. ते म्हणाले, लिहा, नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

तर मी लिहिते. पडलं.

रोज माझा पेला संपला की मी स्वयंपाकघरात जाते, मासा भाजायला ठेवते. त्या वेळात तुमचे मामा पेला उचलतात, मोरीवर विसळतात आणि आपला चहा त्यात ओतून पितात. दाट हिरवा चहा, कडू करून. जुलैत सुरू झालं. त्यांना वाटतं मला दिसत नाही. माझ्या दुकानात चहूकडे आरसे आहेत, ताई, मला पाठीमागचंही दिसतं. मी बोलले नाही. आयुष्यभर ज्या माणसाच्या हातात संध्याकाळी पेला होता, त्याने रिकाम्या हाताने समोर बसायचं आणि दुसरीला पिताना बघायचं, ते मलाच सोसवत नव्हतं. तुमचं काम बिघडतंय हे मला माहीत नव्हतं. त्यांना थोडं माहीत असावं, म्हणून खिडकीकडे बघितलं.

साके तीच आहे. पाणी आमच्या विहिरीचं. ते लोखंडाचं आहे, मोरी लाल झाली आहे, पांढरे टॉवेल वर्षाच्या आत पिवळे पडतात. गिऱ्हाइकं तक्रार करतात, मी म्हणते, बोटीवर जाऊन धुवा.

पेला सोबत पाठवते आहे. मामांना विचारून पाठवते. ते म्हणाले, तिने हातात घेऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. बांधताना मला वाईट वाटलं. सवय झाली होती.

हात्सु मारुओका


नागातो, ८ ऑक्टोबर १९८६

प्रिय मामा आणि मारुओकाबाई,

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते. इस्पितळात मोठ्याने वाचा.

पेला सकाळी आला. मी पडवीत बसून उघडला. बाबा भिंतीला टेकून मटार सोलत होते, म्हणजे डाव्या हाताने एकेक फोडत होते. डाग मी बघितला आणि खरं सांगते, पेला पुन्हा कापसात गुंडाळून ठेवावासा वाटला. आतली सगळी जाळी काळी झालेली, मध्ये तो गुलाबी ढग. मग बाईंचं पत्र वाचलं, चहापर्यंत आले, विहिरीपर्यंत आले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी मोठ्याने.

बाबांनी मटार बाजूला ठेवले. म्हणाले, "इकडे आण."

मामा, त्यांनी तो पेला हातात घेतला. आजवर नव्या मातीच्या ढेकळालाही बोट लावलं नव्हतं. डाव्या हाताने आत अंगठा फिरवला, वास घेतला, जिभेचं टोक लावलं. मला म्हणाले, परसातलं हिरवं लिंबू आण. मी आणलं, कापलं. त्यांनी पेला मांडीत धरला आणि मला एक थेंब डागावर पिळायला सांगितला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. थेंबाखालचा काळा रंग हळूहळू फिकट झाला, राखाडी झाला, मग जवळजवळ गेला.

बाबा हसायला लागले. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला ओढतं, त्यामुळे ते हसताना मला आधी भीतीच वाटली. म्हणाले, "अगं, ही तर आजीची बत्तिशी." त्यांच्या लहानपणी त्यांची आजी दातवण लावायची. गंजक्या लोखंडाचं पाणी आणि वर तुरट पूड, की दात शाईसारखे काळे. त्यात लिंबू खाल्लं की रंग उतरायचा, म्हणून ती लिंबाला हात लावायची नाही आणि नातवंडं मुद्दाम तिच्यापुढे लिंबू धरायची. तुमच्या विहिरीचं लोखंड आणि तुमच्या चहाचा तुरटपणा आत जाऊन भेटले, मामा. बुरशी नव्हतीच.

मी विचारलं, मग माती? त्यांनी पेला उन्हात फिरवला. म्हणाले, "साके दिली, प्यायली. लोखंड दिलं, प्यायली. चहा दिला, तोही प्यायली. आणखी काय करायचं तिने?"

मग काठी घेऊन उठले आणि अंगणात जाऊन ताडपत्री उचलायला लागले. एका हाताने उचलत नव्हती. मी दुसरं टोक धरलं.

भट्टी नव्या मातीची लावतो आहोत, पुढच्या महिन्यात. विटा चुलीभोवतीच्या कट्ट्याला कामी येतील. बाबांचा निरोप जसाच्या तसा देते: "इवाओला लिही, भट्टी उघडताना ये. दारू मिळणार नाही, मलाही नाही." डॉक्टर सोडतील का? बाई, तुम्हीही या. तुमच्याशिवाय हे आम्हाला कधी कळलं नसतं.

तुमची,
चिगुसा


नागातो, २६ नोव्हेंबर १९८६

मारुओकाबाई,

मी पोचलो. गाड्या बदलून बदलून कंबर धरली, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही पुड्यांवर लिहून दिल्यात त्या वेळेला घेतल्या, एकही चुकली नाही. दुकान आठवडाभर बंद ठेवून तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, वर्षअखेरीला सगळ्यांना केस कापायचे असतात. असो. काय बघितलं ते लिहितो, म्हणजे तुमचं फार चुकणार नाही.

ही भट्टी म्हणजे टेकडीवर चढत गेलेल्या खोल्या आहेत, ओळीने, पाठी वाकवून बसलेल्या बायकांसारख्या. मी गेलो तोवर आग विझून निवायला ठेवली होती. आज सकाळी चिगुसाने दारं फोडली. तोंडाशी गेलो तर गालाला अजून गरम वाफ लागली. मी विचारलं, किती तापली होती? आतलं बाहेरून कसं कळतं? पाइनचीच लाकडं का? क्यूसाकू म्हणाला, तुझ्या प्रश्नांनीच निवेल.

पहिल्या खोलीचं बरंच वाया गेलं. भांडी एकमेकांना चिकटली होती, एक रांग अख्खी बसली होती. चिगुसाने एकेक बाहेर काढून बाजूला ठेवलं. मधल्या खोल्यांतली मात्र निघायला लागली आणि ती निघतच राहिली. पेले, वाडगे, बशा. पांढरी, काही किंचित लाजल्यासारखी. तिने ती गवतावर फळ्या टाकून त्यांवर मांडली. त्या पोरीचे हात कोपरापर्यंत राखेने भरले होते आणि तोंडभर हसू होतं, ते लपवायला ती सारखी पाठ फिरवत होती.

क्यूसाकू आणि मी फळ्यांशेजारी बाकावर बसलो. माझ्या बहिणीच्या, साएच्या, अंत्यविधीनंतर आम्ही भेटलो नव्हतो. त्याचा हात बघून मला वाईट वाटलं, माझं पोट बघून त्याला. तेवढ्यात मला आवाज आला. टिंग. अगदी बारीक, काचेला नख लागावं तसा. मी इकडेतिकडे बघितलं. पुन्हा टिंग, दुसऱ्या फळीवरून. मग तीनचार एकदम. मी विचारलं, हे काय वाजतंय?

तो म्हणाला, "झिलई. थंड हवेत आली की आकसते, बारीक तडे जातात. म्हणजे पिण्याची वाट तयार होते." मग जरा थांबून म्हणाला, "वाजतायत?"

मी म्हटलं, तुला ऐकू येत नाही?

"झटक्यानंतर बारीक आवाज गेले. चिगुसाला सांगितलेलं नाही. नव्या मातीचा कसा आवाज येतो ते मला ऐकायचं होतं."

आवाज कसा ते शब्दांत सांगायचा मी प्रयत्न केला, पण तोवर आणखी दोन वाजून गेले. तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि प्रत्येक टिंगला टेकवत गेलो. आधी तो माझ्याकडे बघत होता, वेड लागलं का म्हणून. मग त्याने डोळे मिटले. कधी बोट बराच वेळ नुसतं थांबायचं, कधी एकावर एक. एकदा सगळ्या फळ्या इतक्या वाजायला लागल्या की मला बोट उचलायला सवड मिळेना.

चिगुसा दोनदा जेवायला बोलवायला आली. दुसऱ्यांदा उभी राहिली आणि माझ्या बोटाकडे बघून तशीच परत गेली. जेवण निवलं असणार. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसून होतो.

परवा निघतो.

इवाओ सुगाया